गोठ्यातली पुढची कालवड कोणत्या वळूची असावी?

गाय माजावर आली की गोठ्यात घाई सुरू होते. सकाळी काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो, गाय हंबरते, शेजारच्या गाईवर उडी घेते, आणि संध्याकाळपर्यंत रेतन करणारे डॉक्टर येऊन गेले पाहिजेत यासाठी फोन सुरू होतात. या घाईत एक प्रश्न बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो, तो म्हणजे आज भरली जाणारी कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची बारीक नळी, कोणत्या वळूची आहे आणि तीच का. भोगावतीच्या काठावरच्या आमच्या भागात डॉक्टरांना सांगायचे वाक्य ठरलेले आहे, “डाक्टर, लै दूध देणारी कांडी टाका बघा.” डॉक्टर त्यांच्या कंटेनरमध्ये त्या दिवशी जी असेल ती भरतात, पैसे देऊन होतात, आणि गाय गाभण राहिली की वळूचा विषय संपतो.

हा विषय इतक्या लवकर संपू नये, याचे कारण काळाच्या साध्या हिशोबात आहे. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा असतो. जन्मलेली कालवड चांगल्या खुराकावर वाढली तर १५ ते १८ महिन्यांत पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या साठ ते पासष्ट टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि तेव्हा ती भरवण्याजोगी होते. त्यानंतर पुन्हा नऊ महिने. म्हणजे आज भरलेल्या कांडीचे दूध संस्थेच्या मापात पडायला जवळजवळ तीन वर्षे लागतात, आणि ती गाय पुढे चार-पाच वेत गोठ्यात राहिली तर आजच्या पाच मिनिटांचा परिणाम पुढची सात-आठ वर्षे दर दहा दिवसांच्या बिलात दिसत राहतो. खाद्य बदलता येते, गोठा सुधारता येतो, पण एकदा जन्मलेल्या कालवडीचा बाप बदलता येत नाही.

वंश कसा उतरतो हे समजायला इंग्लंडमधल्या शॉर्टहॉर्न या जातीचे उदाहरण फार सोयीचे आहे. आपल्याकडे ही गाय दिसत नाही, तरी विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलांना ती न पाहताही थोडी ओळखीची असते, कारण जीवशास्त्रात लाल आणि पांढऱ्या गुरांच्या संकरातून येणाऱ्या ‘रोन’ रंगाच्या वासराचा धडा असतो आणि हा लाल-पांढऱ्या केसांच्या सरमिसळीचा रंग शॉर्टहॉर्नची खूणच मानला जातो. लाल वळू आणि पांढरी गाय यांचे प्रत्येक वासरू रोन होते, कारण त्याला रंगाच्या जनुकाची एक प्रत लाल बापाकडून आणि एक पांढऱ्या आईकडून मिळते. रोन गाईला रोन वळू लावला तर सरासरीने चारांत एक वासरू लाल, दोन रोन आणि एक पांढरे येते. लाल वळू लावला तर निम्मी लाल, निम्मी रोन येतात आणि पांढरे एकही येत नाही.

हा केवळ रंगाचा हौशी विचार आहे असे समजू नये. पांढऱ्या शॉर्टहॉर्न कालवडींमध्ये जननमार्गाचा काही भाग अपुरा वाढलेला राहण्याचा जन्मजात दोष अधिक आढळतो आणि असा दोष असलेली कालवड कितीही वेळा भरवली तरी फळत नाही. त्यामुळे रोन शॉर्टहॉर्न गाईपासून गोठ्यात ठेवायची कालवड हवी असलेल्या पशुपालकाने लाल वळू निवडला, तर हा धोका वळू ठरवतानाच टळतो. त्याला आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. शॉर्टहॉर्नमध्ये कालांतराने दुधाची आणि मांसाची अशा दोन शाखा वेगळ्या झाल्या, आणि मांसाच्या शाखेतला देखणा, भरदार वळू दुधाच्या गाईला लावला तर वासरू दिसायला कितीही चांगले आले तरी त्या कालवडीच्या कासेकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. कशासाठी कालवड हवी हे आधी ठरले पाहिजे, वळू नंतर. हा क्रम कोल्हापुरातही तसाच लागू आहे.

दुधाचे गणित मात्र रंगासारखे सरळ नाही. रंग एका जनुकावर ठरतो, तर दूध हजारो लहानलहान जनुकांच्या एकत्रित परिणामावर ठरते, आणि त्यांपैकी कोणतेही एक जनुक डोळ्यांना दिसत नाही. वासराला बापाकडून निम्मे आणि आईकडून निम्मे मिळते हे आपण ऐकलेले असते, पण ते निम्मे कोणते हे दर वेळी नव्याने ठरते. म्हणूनच एकाच गाईच्या, एकाच वळूच्या दोन सख्ख्या बहिणी एकाच गव्हाणीला बांधलेल्या असूनही एक अठरा लिटर देते आणि दुसरी बारावर अडते. यात कोणी फसवलेले नसते, वंश उतरण्याची रीतच अशी आहे.

आता आपल्या भागात वळूची जाहिरात कशावर होते ते पाहू. वळूच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत त्याच्या आईचे दूध छापलेले असते, एका वेताला आठ हजार लिटर, कधी दहा हजार. वाचणाऱ्याला वाटते की आपली कालवड त्याच्या जवळपास पोहोचेल. पण वळूची आई ही आपल्या कालवडीची आजी आहे. तिच्याकडून वळूला निम्मा वाटा मिळाला, आणि त्या वळूकडून आपल्या कालवडीला पुन्हा निम्मा. म्हणजे आजीचा वाटा सरासरीने एक चतुर्थांश राहिला, आणि तोही तिच्या गुणांचा नेमका कोणता चतुर्थांश हे सांगता येत नाही. शिवाय आजीचे आठ हजार लिटर हे तिच्या जनुकांचे एकटीचे काम नव्हते. तिला मिळालेला मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा), तिच्यावर ठेवलेले लक्ष, तिच्या फार्मचे हवामान हे सगळे त्या आकड्यात मिसळलेले होते. दूध उत्पादनातल्या फरकांपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के फरक वंशामुळे असतो असे पैदासशास्त्र मानते, बाकीचा गोठ्यामुळे, खाद्यामुळे आणि निगेमुळे.

या पंचवीस टक्क्यांवरून एक हिशोब मांडता येतो आणि मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. वळूची फक्त आईच्या एका वेताच्या दुधावरून परीक्षा केली, तर त्या अंदाजाची विश्वासार्हता सुमारे सहा टक्के येते. त्याच वळूच्या वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पंधरा मुलींचे दूध मोजले तर ती पन्नास टक्क्यांवर जाते, पन्नास मुलींवर सत्याहत्तरच्या आसपास, आणि शंभर मुलींवर सत्याऐंशीपर्यंत. वळूला स्वतःला दूध नसते, म्हणून त्याचे मोल त्याच्या मुलींनी सांगायचे असते. यालाच संतती चाचणी म्हणतात, आणि अशा चाचणीतून गेलेल्या वळूला सिद्ध वळू म्हणतात. तेव्हा “आईचे दूध किती” या प्रश्नाच्या आधी “मुली किती मोजल्या” हा प्रश्न विचारावा.

चाचणीतून जो आकडा निघतो त्याला पैदास मूल्य म्हणतात, आणि तो वाचताना एक चूक हमखास होते. समजा एखाद्या वळूचे दुधाचे पैदास मूल्य अधिक ६०० किलो आहे. याचा अर्थ त्याच्या मुली सहाशे किलो जास्त देतील असा नाही. मुलीला त्यातले निम्मे मिळते, म्हणजे सरासरी वळूच्या मुलींपेक्षा एका वेताला तीनशे किलो जास्त. ३०५ दिवसांच्या वेतात हे रोजचे जेमतेम एक लिटर होते. अमेरिकेतून येणाऱ्या वळूंच्या तक्त्यावर मात्र ‘पीटीए’ नावाचा आकडा असतो, तो आधीच निम्मा केलेला असतो आणि पौंडांत असतो. शिवाय तो तिथल्या गाईंच्या सरासरीच्या तुलनेत काढलेला असतो, उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, उभ्या असलेल्या आपल्या गाईंच्या तुलनेत नव्हे. दोन तक्ते शेजारी ठेवून आकड्याला आकडा भिडवला तर निष्कर्ष चुकीचाच निघतो.

रोजचे एक लिटर म्हणजे थोडे आहे का? माझ्या मते मुळीच नाही, कारण ते कायमचे आहे आणि त्या कालवडीच्या मुलींमध्येही त्याचा वाटा उतरणार आहे. पण हेही खरे की एक माज हुकला तर व्याण्याचा काळ एकवीस दिवसांनी पुढे जातो, आणि एका सडाला दगडी (कासेचा दाह) झाली तर वर्षाच्या वंशाच्या फायद्यावर आठवड्यात पाणी फिरते. म्हणून दुधाचा आकडा पाहावा, फक्त तेवढाच पाहू नये.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात जीनोमिक निवडीची भर पडली आहे. वासराच्या केसांचा, कानाच्या कातडीचा किंवा रक्ताचा नमुना घेऊन हजारो ठिकाणची जनुकीय चिन्हे तपासायची आणि आधी मोजलेल्या हजारो गाईंच्या नोंदींशी ताडून त्या वासराचे पैदास मूल्य लहानपणीच ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ जातीसाठी ती २००९ पासून अधिकृत झाली. आपल्याकडे देशी गाई आणि म्हशींसाठीच्या ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ या चिप ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात वाशीम येथे जाहीर झाल्या. तरुण जीनोमिक वळूचा अंदाज आईच्या दुधावरच्या अंदाजापेक्षा पुष्कळ भक्कम असतो, शेकडो मुली मोजलेल्या वळूइतका मात्र नसतो. त्यामुळे असे वळू वापरायचे तर एकाच्या दहा कांड्या घेण्याऐवजी तीन वळूंच्या तीन-तीन घ्याव्यात, म्हणजे एखाद्याचा अंदाज चुकला तरी सगळ्या कालवडींवर त्याचा परिणाम होत नाही.

आतापर्यंत वळूचे झाले. निवडीची खरी सुरुवात आपल्या गाईपासून होते, आणि ती तक्त्यावर नाही, धार काढताना बसायच्या जागेवरून करायची असते.

आमच्याकडे चांदी नावाची होल्स्टीन संकरित गाय आहे, तिसऱ्या वेताची. दूध चांगले, स्वभाव शांत, व्याली की वार वेळेवर पडते, अडीच-तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहते. पण तिचे पुढचे दोन सड बोटाच्या दोन पेरांएवढेही लांब नाहीत. आमच्याकडे धारा हातानेच काढल्या जातात. पहिल्या वेताला आई तिच्याखाली बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “आरं, हिचं सड मुठीत गावंनात, धार काढू कशी?” मुठीत सड मावत नाही म्हणून मग चिमटीने ओढावे लागते, अंगठा आत दुमडून पिळावे लागते, आणि त्याने सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. दुसऱ्या वेताला पुढच्या डाव्या सडाला दगडी झाली, त्याचे मूळ या चिमटीतच असावे असे मला वाटते. आता या गाईपासून कालवड हवी असेल, तर रोजचे आणखी दोन लिटर देणारा पण आखूड सडांच्या मुली देणारा वळू माझ्या काय कामाचा? मोठ्या वळूंच्या तक्त्यांवर मुलींच्या बांध्याचे आलेख असतात: सडांची लांबी, सडांमधले अंतर, पुढच्या कासेची पोटाशी घट्ट पकड, मागच्या कासेची उंची, कासेला मधोमध उचलून धरणाऱ्या बंधनाची ताकद, मागच्या पायांचा बाक, खुरांचा कोन. अनेक होल्स्टीन वळूंच्या मुलींचे सड आखूड असतात, आणि मशीनवर धारा काढणाऱ्या देशांत त्याची अडचण मर्यादित असल्याने तिकडे या आलेखाकडे तितके काटेकोर पाहिले जात नाही. आपण पाहिले पाहिजे.

एका दोषावर इलाज म्हणून उलट टोकाचा दोष शोधू नये. आखूड सडांच्या गाईला फार लांब सडांच्या मुली देणारा वळू लावला, की बहुतेक कालवडी मधल्या आल्या तरी काहींचे सड आखूड तर काहींचे फार लांबही निघू शकतात. त्या गुणात जो नीट मध्यम आहे असा वळू घ्यावा. आणि एका गाईत एका वेळी एक, फार तर दोन दोष सुधारायला घ्यावेत. सगळेच एका कांडीत सुधारायला निघालेला माणूस शेवटी जो वळू निवडतो तो कशातच पुढे नसतो.

बांध्याविषयी एवढेच सांगतो की मोठ्या चणीची गाय दिसायला भारदस्त असली तरी दूध द्यायच्या आधी स्वतःचे मोठे शरीर पोसायला रोज जास्त चारा खाते. ज्यांचा बराचसा चारा उसाचे वाढे हाच आहे, त्यांनी मध्यम चण निवडावी. वाढ्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट जास्त असते, ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि फार दुधाच्या वंशाची कालवड नुसत्या वाढ्यांवर व खनिज मिश्रणाशिवाय वाढवली तर तिच्या वंशातले दूध तिच्या शरीराला पेलत नाही. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या पावसात तर मी दुधाच्या आधी पाय आणि खूर पाहीन, कारण चार महिने ओल्या जमिनीवर उभी राहणारी गाय लंगडली की चारा कमी खाते आणि माजही नीट दाखवत नाही.

फॅट हा गुण मात्र वळूवर बराच सोपवता येतो. दुधाच्या प्रमाणापेक्षा फॅटच्या टक्केवारीत वंशाचा वाटा जास्त, साधारण निम्मा असतो. आपल्या गाईचे दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या पायरीला सतत कमी पडत असेल, तर खाद्यातला सुका चारा तपासल्यावर पुढचा प्रश्न वळूचा आहे. जर्सीच्या दुधात फॅट अधिक असते आणि तिची चणही लहान असते, हे त्या जातीच्या बाजूने भक्कम कारण आहे. उलट गाय वारंवार उलटते, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते, ही तक्रार वळूने सुटेल अशी आशा ठेवू नये. गाभण राहण्याच्या क्षमतेत वंशाचा वाटा फार थोडा, दहा टक्क्यांच्याही आत असतो. तिथे माजाची वेळ, खनिजे आणि गर्भाशयाचे आरोग्य यांकडेच पाहावे लागते.

आता रक्ताच्या टक्केवारीचा प्रश्न, ज्यावरून सर्वांत जास्त गोंधळ होतो. खिलार किंवा गावठी गाईला शुद्ध होल्स्टीन वळू लावला की पहिल्या पिढीची कालवड पन्नास टक्के होते, आणि दोन दूरच्या वंशांच्या मेळामुळे तिच्यात काटकपणाचे एक वेगळेच बळ येते. तिला पुन्हा शुद्ध होल्स्टीन लावला की मुलगी पंचाहत्तर टक्के, नात साडेसत्याऐंशी टक्के. दर पायरीला विदेशी वाटा वाढतो, पण संकराचे ते खास बळ निम्म्याने कमी होते, आणि गोचीड, गोचीडताप, उन्हाचा त्रास यांना जनावर अधिक सहज बळी पडते. आपल्या हवामानात बहुतेक गोठ्यांसाठी विदेशी रक्त पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांच्या मध्ये राखावे असा सर्वसाधारण सल्ला आहे. म्हणजे गाय पंचाहत्तरची असेल तर तिला पन्नास टक्क्यांचा चांगला संकरित वळू लावावा, वासरू साडेबासष्ट टक्क्यांचे येते. पंखे, फवारे आणि वर्षभराचा मुरघास असणाऱ्याने त्याहून वर जायला हरकत नाही. खिलार गाय चांगल्या जातीची असेल तर तिला खिलारच वळू लावावा असे मला मनापासून वाटते, कारण दूध वाढवायला संकरित गाई भरपूर आहेत, शुद्ध खिलार मात्र कमी होत चालल्या आहेत.

यानंतरची गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. आमच्या एका जुन्या गाईची कालवड वाढली, माजावर आली, त्या दिवशी आलेल्या रेतकांनी जी कांडी होती ती भरली, आणि मी विचारले नाही. पुढे जुन्या पावत्या चाळताना लक्षात आले की त्या कांडीवरचा क्रमांक कालवडीच्या बापाचाच होता. वासरू जन्मले ते अशक्त, पहिल्या महिन्यातच गेले. ते केवळ त्या कारणाने गेले असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण बाप-लेकीच्या संबंधातून येणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण पंचवीस टक्के असते आणि सावत्र भावंडांत किंवा आजा-नातीत साडेबारा टक्के, हे मला त्यानंतर नीट कळले. एकाच वळूच्या कांड्या गावात वर्षानुवर्षे येत राहिल्या की हे नकळत कुणाच्याही गोठ्यात घडते.

शॉर्टहॉर्नच्या इतिहासात हेच मुद्दाम केले गेले होते. इंग्लंडमध्ये कॉलिंग बंधूंनी घडवलेला कॉमेट हा वळू १८१० मध्ये एक हजार गिन्नींना विकला गेला. त्याचा बाप फेव्हरिट, आणि त्याची आई ही त्याच फेव्हरिटला स्वतःच्या आईपासून झालेली कालवड. हव्या त्या गुणांना पक्के करण्यासाठी जवळच्या नात्यात पैदास करणे ही तेव्हाची पद्धत होती, आणि त्यातून एकसारखा कळप खरोखरच उभा राहिला. पण जवळच्या नात्यात चांगल्याबरोबर लपलेले दोषही दोन्ही बाजूंनी एकत्र येतात. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्नची वंशावळ छापली, गुरांच्या जातींमधले ते अशा प्रकारचे पहिले पुस्तक, आणि कोणाचा बाप कोण हे तेव्हापासून कागदावर पाहता येऊ लागले.

लपलेल्या दोषांचे याहून जवळचे उदाहरण होल्स्टीनमध्येच आहे. कार्लिन-एम आयव्हानहो बेल या अमेरिकी वळूच्या मुली दुधाला आणि कासेला उत्तम होत्या, म्हणून त्याचे रेत जगभर वापरले गेले. पुढे कळले की तो दोन घातक दोषांचा वाहक होता. एकात वासरांची प्रतिकारशक्ती चालत नाही, दुसऱ्यात कण्याची रचना बिघडून वासरे गर्भातच किंवा जन्मताना मरतात. वाहक जनावर स्वतः अगदी धडधाकट असते. बाप आणि आई दोघेही वाहक असतील तेव्हा चारांत एक वासरू दोषाचे निघते. आज चांगली रेतन केंद्रे वळूंची अशा दोषांसाठी आणि ब्रुसेलोसिस, क्षय अशा रोगांसाठी तपासणी करतात. गावात फिरणाऱ्या वळूची अशी तपासणी कोणी केलेली नसते, आणि ब्रुसेलोसिस तर माणसालाही होतो. फुकटचा वळू म्हणून गाय दाखवण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

प्रत्येक गाईपासून कालवड ठेवायलाच हवी असेही नाही. दहा गाईंच्या गोठ्यात वर्षाला दोन-तीन कालवडी पुरतात, मग त्या उत्तम तीन-चार गाईंपासूनच का घेऊ नयेत? लिंगवर्गीकृत रेताची खरी जागा इथे आहे. त्यातून साधारण नव्वद टक्के वासरे मादी होतात, पण त्या कांडीत शुक्रजंतू कमी असल्याने गाभण राहण्याचे प्रमाण काहीसे घटते, म्हणून ती तरुण, निरोगी आणि माज स्पष्ट दाखवणाऱ्या जनावरालाच भरावी. कालवडीच्या पहिल्या वेताला तिचा आणखी एक फायदा आहे: मादी वासरू नरापेक्षा सहसा हलके असते, आणि पहिलारू गाय अडण्याचा धोका कमी होतो. तरीही कालवडीसाठी वळू निवडताना सहज प्रसूतीचा आकडा दुधाच्या आधी पाहावा. जाता जाता एक सांगायला हवे: गाईला नर-मादी जुळे झाले तर त्यातली कालवड पैदाशीसाठी ठेवू नये, दहांत नऊ वेळा ती वांझ निघते.

म्हशीचे गणितही याच रीतीने मांडायचे, फक्त एक भान ठेवून. कोल्हापूरच्या कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची पद्धत ज्या म्हशींनी टिकवली त्यांत पंढरपुरी म्हैस पुढे आहे, कारण परक्या जागी, गर्दीतही ती पान्हा सोडते. हा गुण दुधाच्या तक्त्यावर कुठेच लिहिलेला नसतो. चांगल्या पंढरपुरीला मुऱ्हाचे रेत भरून तो गमावण्यापेक्षा गावठी म्हशीला मुऱ्हा आणि पंढरपुरीला पंढरपुरीच रेडा, अशी वाटणी मला योग्य वाटते.

शेवटी कांडी हातात आल्यावर काय पाहायचे ते सांगतो. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली ती बारीक नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवली जाते, आणि पुसल्यावर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचता येतात: जात, वळूचा क्रमांक, रेतन केंद्राची खूण आणि तारीख. डॉक्टरांना हे वाचून दाखवायला सांगण्यात कोणताही अपमान नाही; चांगल्या डॉक्टरांना विचारणारा पशुपालक आवडतो. दोन दिवस आधी सांगितले तर ते हवी ती कांडी मागवूनही देतात.

चांदीसाठी मी सडांची लांबी मध्यम, पुढची कास घट्ट, चण मध्यम आणि साठहून जास्त मुली मोजलेला संकरित वळू निवडला. दुधाचा त्याचा आकडा तक्त्यात पाचवा होता. सकाळी माजावर आलेली चांदी संध्याकाळी सहाला भरवली, तिच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे आणि वळूचा क्रमांक वहीत लिहिला, आणि रिकामी कांडी त्याच पानावर चिकटपट्टीने लावून ठेवली. त्याखाली एकविसाव्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहिली आहे. त्या दिवशी पहाटे आणि रात्री झोपण्याआधी, दोन्ही वेळा गोठ्यात जाऊन ती उलटली का ते पाहायचे आहे.